जिन्याखाली हजर

"आली का वरात!" साहेब म्हणाले आणि खोलीतले सगळे हसले.

मी शिपायाच्या पाठीवर होतो. माझी कुबडी मागच्या कुणाच्या तरी हातात. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दारावर पाटी होती: दिव्यांग कक्ष.

मीही हसलो. हे लिहिलंच पाहिजे. शहागंजात हातगाडीवर जुन्या शिलाई मशिनी दुरुस्त करून विकणारा मी माणूस. भाव करताना माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. लंगड्या म्हणणाऱ्याच्या अंगावर मी पाना घेऊन धावलोय, एका पायावर. पण त्या दिवशी मनात तोललं. नव्या बाजारात अपंगांसाठी राखीव गाळे निघाले होते. डोक्यावर छप्पर, स्वतःचं शटर. एका हसण्यात गाळा मिळत असेल तर सौदा वाईट नाही.

साहेबांनी माझा दाखला बाजूला सारला. "चालून दाखव."

"साहेब, दाखल्यावर लिहिलंय. पोलिओ. गंगापूरला असताना..."

"दाखला काय, कुणीबी आणतं. चाल."

टेबलाला धरून चाललो. तीन पावलं. साहेब चहा पीत होते. मला काहीच वाटलं नाही. ना राग, ना लाज. माझा डावा पाय जसा नुसता सोबत येतो, तसा मी सगळाच झालो होतो.

गाळ्यांच्या सोडतीच्या दिवशी मला वर नेणारा तो शिपाई रजेवर होता. नाव पुकारलं की समोर जाऊन चिठ्ठी उचलायची, अशी रीत. मी जिन्याखाली उभा. वरची खिडकी उघडी होती, नावं ऐकू येत होती. माझं आलं.

"हजर!" मी ओरडलो.

"कोण हजर? समोर तर कुणी नाही."

"खाली हाय! जिन्यापाशी!"

दुसरा पुकारा. तिसरा. दर वेळी ओरडलो. मग पुढचं नाव.

सोडत संपल्यावर कारकून खाली आला, काखेत रजिस्टर. माणूस वाईट नव्हता. "काका, गैरहजर पडलात. पुढच्या बारीला दोन माणसं घेऊन या, उचलून आणतील."

"मी ओरडलेलं ऐकलं का नाय?"

"ऐकलं ना. साहेबांनीबी ऐकलं."

"मग लिहा. हजर, जिन्याखाली."

"तसं कसं लिहू काका? रकाने दोनच हायेत."

त्यानं पान दाखवलं. खरंच दोनच रकाने. माझ्याशिवाय आणखी सहा जण गैरहजर, लाल शाईत. अपंगांच्याच सोडतीत.

"हे सहा कुठंयत?"

"एक बाई तीनचाकीवर आल्ती म्हणं. फाटकातनंच माघारी गेली. बाकीच्यांचं काय ठावं."

मी पहिल्या पायरीवर बसलो, अगदी मधोमध, आणि अर्ज लिहिला. मी हजर होतो, नोंद दुरुस्त करा. त्यावर आवकचा शिक्का मागितला.

"शिक्का वर असतो, काका."

"मग खाली आणा."

जेवणाच्या सुट्टीत साहेब उतरले. "बाजूला सरक."

"शिक्का."

"अरे, उचला रे याला."

दोघं पुढं आले. "हात लावायचा नाय," मी म्हणालो. आवाज चढवला नाही. माझा असाही आवाज आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं. ते दोघं थांबले. साहेबांनी घड्याळात पाहिलं, मला पाहिलं. शिक्का खाली आला.

आठवड्यानं कारकून माझ्या गाडीवर आला. "अर्ज मागं घ्या. मागचा एक गाळा रिकामा हाय. मुतारीच्या शेजारी, पण गाळा हाय."

मी गप्प. पहिल्या भावाला गप्प राहायचं, हा माझा जन्माचा धंदा. त्याला वाटलं, मी ताणतोय.

"बरं, पुढच्या रांगेतला बघतो. आता तरी हो म्हणा."

तोच गाळा मला हवा होता. कोपऱ्यावरचा, दोन्ही बाजूंनी गिऱ्हाईक येणारा.

"नाय," मी म्हणालो. "आधी पान दुरुस्त करा. सातही नावं. मग टेबल, रजिस्टर, शिक्का, साहेब, सगळं तळमजल्यावर आणा."

"लई महाग पडंल काका तुम्हाला."

"पडू दे."

ती तीनचाकीवाली बाई दौलताबादची निघाली. तिला भेटून आलो. बाकीच्यांपैकी तिघं सापडलेत, उरलेले दोघं शोधतोय. पुढच्या सोडतीला कुणाच्या पाठीवर कुणी वर जायचं नाही, असं ठरलंय. मी जाऊन माप घेऊन आलोय. जिना अरुंद आहे. सात माणसांत भरतो.