चासी नवी की बेकरीवालीची

दवाखान्यात तिला सगळे चौकशीबाई म्हणायचे. काम एक्स-रे काढण्याचं, पण हात कसा मोडला, शिडीवरून पडलात तर शिडीवर चढला होतात कशाला, शिडी धरली कुणी होती आणि तो गृहस्थ आता कुठे आहे, हे सगळं विचारून झाल्याशिवाय तिच्या हातून बटण दाबलं जात नसे. माणसं बिचारी कण्हत कण्हत उत्तरं देत. एका बाबतीत मात्र बाई गप्प. फोटो पडद्यावर आला, तडा कुठे गेलाय ते तिला लख्ख दिसलं आणि समोरच्याने "मोडलंय का हो?" असं विचारलं, की ती म्हणे, "डॉक्टर सांगतील." नियमच होता तसा. बघायचं तिने, सांगायचं दुसऱ्याने. इतकी वर्षं एवढं पोटात ठेवून तिचं पोट कसं फुगलं नाही, याचं तिच्या नवऱ्याला नवल वाटे.

रविवारी ही बाई शर्यतीतली कार्ट चालवायची. कार्ट म्हणजे जमिनीला पोट घासत धावणारी, छप्पर नसलेली बुटकी गाडी. तिला स्प्रिंगा नसतात. पोलादी नळ्यांचा जो सांगाडा असतो, ती चासी, तीच वळणावर जरा पीळ खाते आणि पुन्हा सरळ होते. आठवडाभर सांगाडे बघून मन भरत नव्हतं म्हणून की काय, सुट्टीच्या दिवशीही बाई सांगाड्यावरच स्वार.

ट्रॅकवर तिला एकच माणूस भारी पडायचं, ते म्हणजे बेकरीवाली. तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, दणकट, कमी बोलणारी. कितीही जोर लावा, बेकरीवालीची पाठच दिसायची. मात्र गेल्या मोसमाच्या अखेरच्या शर्यतीत, अगदी शेवटच्या वळणावर, बेकरीवालीची गाडी जराशी बाहेर सरकली. चौकशीबाईने आतून मुसंडी मारली, कडेच्या ठोकळ्यावर गाडी धाडकन आपटवली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पुढे निघाली. घरी येऊन बघते तर चासीला सीटजवळ तडा गेलेला. जोडता येणार नाही, म्हणून वेल्डिंगवाल्याने मान हलवली. आता मोसम तोंडावर आलेला, आणि चासी नसेल तर बाईला कठड्याबाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या. तिच्या अंगात ते नव्हतं.

ती दुकानात नवी चासी बघायला गेली. भिंतीला टांगलेली, कुणाचं बूड न लागलेली. तिने दुकानदाराला इतकं छळलं की शेवटी तो स्टूल ओढून खाली बसला. नळी जाड घेतली तर काय, पातळ घेतली तर काय, थंडीत वेगळं वागते का?

"बाई, नवी चासी म्हणजे नवी सून," दुकानदार म्हणाला. "चांगली आहे, पण तिचा स्वभाव कळायला अर्धा मोसम जाईल."

आणि त्याच आठवड्यात क्लबच्या फलकावर चिठ्ठी लागली. बेकरीवाली चासी विकत होती, तीच जिंकणारी.

नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. दिवसभर नकला काढणारा हा माणूस घरात मात्र कायम अस्सलच्या बाजूने. "नवीच घे," तो म्हणाला. "जिंकणारी गाडी कुणी सुखासुखी विकतं का? त्यात काहीतरी गोम असणार."

"काय गोम?"

"ते मला काय माहीत? चौकशीबाई तू आहेस ना!"

झालं, बाईला तेवढंच हवं होतं. त्या चासीतली गोम शोधून काढल्याशिवाय तिला आता घास गोड लागणार नव्हता.

दुपारची भट्टी उतरल्यावर ती बेकरीच्या मागच्या खोलीत पोचली. रिकामे ट्रे भिंतीला टेकवलेले, पिठाच्या गोण्या एकावर एक, आणि मधोमध कणीक मळायचं लांबलचक पोलादी टेबल. चासी त्याच टेबलावर ठेवली होती. बेकरीवालीचं म्हणणं, गावात याच्याइतकं सपाट दुसरं काही नाही, चासी जरा जरी पिळलेली असेल तर एक कोपरा उचललेला दिसेल. चारही कोपरे टेबलाला चिकटून बसलेले होते.

"का विकतेयस?" चौकशीबाईने आल्या आल्या विचारलं.

"कंटाळा आला."

"कशाचा?"

"तुझ्या प्रश्नांचा. बघायचीय ना? बघ."

मग तिने जी तपासणी केली, ती एखाद्या वराचीही कुणी केली नसेल. टेप लावून तिरके कोपरे मोजले, दोन्ही बाजू सारख्या. बॅटरी मारून प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं. बेकरीवालीने पुढे केलेल्या पान्याने नळ्या ठोकून कान लावला. खाली वाकून पोट बघितलं, घासून जरा चपटं झालेलं, पण तेवढं कुणाचंही होतं. कशात काही नाही. चासी धुतल्या तांदळासारखी. चौकशीबाईला आनंद व्हायला हवा होता, पण ती चक्क खट्टू झाली.

"हे मागचं बेअरिंग काढ बघू," ती म्हणाली. खालचा जोड तेवढा बघायचा राहिला होता.

बेकरीवालीने पान्याने बोल्ट सैल केला आणि नट बोटांनी फिरवायला घेतला. तो सुटला आणि टेबलावर पडला. तिने उचलला, पुन्हा पडला, या वेळी खाली पिठात. "मेला नट," असं पुटपुटत तिने उजवा हात दोनदा जोरात झटकला आणि पुढचा बोल्ट डाव्या हाताने काढायला लागली.

चौकशीबाई नट उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिच्या डोळ्यांसमोर तो उजवा हात होता. अंगठ्याखालचा गादीसारखा भाग जिथे फुगीर असायला हवा, तिथे खळगा पडला होता. असा हात झटकत आत येणारी माणसं तिने एक्स-रेच्या टेबलासमोर खूप बसवली होती. गोम होती, पण चासीत नव्हती. सगळ्या नळ्या ठोकून झाल्या आणि ज्या हाताने पाना पुढे केला त्याच्याकडे आपण बघितलंच नाही, याची तिला लाज वाटली.

आणि पाठोपाठ दुसरं लक्षात आलं. ते शेवटचं वळण. गाडी बाहेर सरकली नव्हती, हातातून सुटली होती. आपण त्यावर शेजारणींना पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. तिला मनापासून वाईट वाटलं, थोडं बेकरीवालीसाठी आणि, खोटं कशाला, बरंचसं स्वतःसाठी.

तोंडाशी सवयीचं वाक्य आलं, डॉक्टर सांगतील. पण इथे डॉक्टर होता कुठे? पिठाच्या गोण्या होत्या आणि त्या दोघी होत्या. चासी चांगली आहे, घेऊन चालते, एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. मोसम हातात आला असता, तोही बेकरीवालीशिवायचा.

"बोटांना मुंग्या येतात?" तिने विचारलं.

बेकरीवाली थांबली. "कोण म्हणालं?"

"कुणी नाही. मला दिसतंय. झोपेतून उठवतात का? हातातल्या वस्तू पडतात?"

बेकरीवालीने पाना टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "पिठात कळत नाही. स्टिअरिंगवर कळतं. शेवटच्या फेऱ्यांना हात माझा राहतच नाही."

"कुणाला दाखवलास?"

"काय दाखवायचं? मळून मळून गेला. कापतील नाहीतर काम बंद कर म्हणतील. माझ्या आईचाही असाच होता."

"आईचा काय होता ते मला माहीत नाही. तुझा काय आहे तेही मी सांगू शकत नाही, माझ्या फोटोत नुसती हाडं दिसतात. पण हे न दाखवता ठेवायचं दुखणं नाही, एवढं सांगते. बरीच माणसं बरी होऊन जाताना बघितलीत मी. उशीर करणारी मात्र पस्तावतात."

बेकरीवालीने टेबलावरचं पीठ डाव्या हाताने उगाचच पुसलं. "ते माझं मी बघेन. तू चासी घेतेयस की नाही?"

"नाही. मी नवी घेतेय."

"वेड लागलंय तुला? यात काही खोट निघाली का?"

"एकसुद्धा नाही."

"मग? नवीचा स्वभाव कळेपर्यंत मोसम संपेल. हरशील."

"हरेन की. पण तुझ्याकडून हरेन. ही विकलीस तर तू परत येणार कशावर?"

बेकरीवालीचा चेहरा चिडल्यासारखा झाला, मग रडवेला झाला. तिने चिठ्ठी काढून टाकते वगैरे काही म्हटलं नाही. तिने उजवा हात उपडा केला, मग उताणा केला, आणि तो दोघींच्या मधे टेबलावर ठेवला.

"कुठल्या डॉक्टरांकडे जायचं?" ती म्हणाली. "आणि तू येशील ना बरोबर?"