करडईचा निकाल साहेबांकडं आहे

आमच्या साहेबांनी मला फसवलं, आणि माझ्यामार्फत इथिओपियातल्या एका बाईंना फसवलं.

त्या दिवशी लातूरच्या आमच्या संशोधन केंद्रात पडद्यावर युरोपातली प्रयोगशाळा होती. करडईचं झाड उभ्या-उभ्या वाळवणाऱ्या मर रोगावर आमचं, इथिओपियाचं आणि युरोपचं मिळून काम. भोकर-मुखेडच्या रानांतून रोगट मुळं उपटून मी दिली. त्या बाई इथिओपियातल्या शास्त्रज्ञ. माझ्या शब्दावर त्यांनी त्यांच्याकडच्या जुन्या वाणांचं बी दिलं. कोणतं बी या रोगापुढं टिकतं, ते युरोपात तपासलं. निकाल सगळ्यांनी वाटून घ्यायचा, असं ठरलं होतं. निकाल लागला आणि पेटंटचं कारण काढून युरोपवाल्यांनी तो सगळ्यांना बंद केला. साहेबांना तेवढा उघडा ठेवला. पेटंटवर त्यांचं नाव होतं.

मी विचारलं, आम्हा दोघांना निकाल कधी दिसणार? साहेबांनी आधी माईक बंद केला. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "इथं मुखेडचा बाजार भरवू नका. चपला विकत नाही आपण."

माझे अब्बा मुखेडच्या आठवडी बाजारात चपला विकायचे. मीही विकल्या. त्याच कमाईवर पीएचडी झालो. खोलीतले लोक हसले. पडद्यावरचे गोरेही हसले, काय झालं ते न कळता.

अब्बा गिऱ्हाइकाला एकच चप्पल घालून बघायला द्यायचे. दुसरी पैसे हातात पडल्यावर. मी मात्र समजलो, विज्ञानात घासाघीस करायची नसते. सगळा माल आधीच देऊन बसलो.

पुढं बाईंचा मेल आला. त्यांच्याकडं पेरणी तोंडावर आलेली. "डॉक्टर, सगळा निकाल नको. कोणतं बी पेरू नये, तेवढंच सांगा."

साहेबांच्या खोलीत गेलो. म्हटलं, एक ओळ द्या. ते म्हणाले, करारात गुप्ततेचं कलम आहे, परदेशात परस्पर काही कळवलंत तर नोकरी जाईल. मी भांडलो. आवाज चढवला. शिपाई दारात येऊन उभा राहिला. शेवटी हात जोडले. हो, मी हात जोडले. साहेब फोनवर बोलत राहिले.

बाईंना लिहिलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. त्यांना ते पटलं का, कोण जाणे. नंतर एकच मेल आला. "होतं ते बी पेरलं. शेतं वाळली."

या हंगामात साहेबांनी पुन्हा मुळं मागितली. पिशव्या माझ्या टेबलावरच होत्या.

"न्हाई देत," मी म्हणालो.

"अहो, सरकारी माल आहे तो. चौकशी लागेल."

"हाव, लावा. मागच्या मालाचं काय झालं, तेबी तिथंच बोलू."

आता मला नोटीस आली आहे. नोकरी टिकत नाही, हे दिसतंय. मुळं अडवून बाईंकडचं एक झाड हिरवं होणार नाही, हेही दिसतंय. निकाल अजून साहेबांच्याच संगणकात आहे.

पण चौकशीत पहिला प्रश्न माझा. बी त्या बाईंचं होतं. कोणतं पेरू नये, हे तुम्हाला पेरणीच्या आधी ठाऊक होतं. मग गप्प का बसलात? उत्तर मला देऊ नका, साहेब. त्या बाईंना द्या. लेखी, खाली स्वतःचं नाव घालून.