आपल्यातलेच ना?

फोनवर काकूंनी तो शब्द उच्चारला तेव्हाच माझे कान टवकारले. "एजंट-बिजंट नको. आपल्यातल्याच कुणाला तरी घर द्यायचंय," असं त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. काकू म्हणजे बॉस्टनपासून तासाभरावरच्या श्रूजबरीत खूप वर्षं राहिलेल्या मराठी बाई, आता मुलाकडे कॅलिफोर्नियाला निघालेल्या. नवरा खूश. "बघ, किती आपुलकी!"

"आपल्यातल्या म्हणजे कुणातल्या, ते विचारलंस का?"

"तू ना यार, प्रत्येक गोष्टीत खुसपट काढतेस."

काढतेच. आम्ही नागपूरचे, बौद्ध. आडनावाच्या शेवटी 'कर', त्यामुळे ऐकणारा फसतो, आणि नंतर आपण फसलो म्हणून आमच्यावरच रुसतो. हे मी लहानपणापासून बघत आलेय.

पण घर मात्र हवं होतं. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं ती. बॉस्टनमध्ये परवडेना म्हणून सगळे इकडे सरकत होते, माझ्या नवऱ्यासारखे रोज हायवेवर तासन्‌तास घालवायला तयार. रविवारी ओपन हाऊसला घर बघून यावं, तर सोमवारी ते विकलं गेलेलं. आमच्या अपार्टमेंटचं लीज संपत आलं होतं, आणि गावातच घर मिळालं नाही तर मुलीला पुन्हा शाळा बदलावी लागणार होती. आधीच्या शाळेतून आणली तेव्हा पोर महिनाभर धड बोलली नव्हती. पुन्हा ते नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

काकूंनी घर हौसेनं दाखवलं. वरच्या एका खोलीत खिडकीपाशी बसायला कट्टा होता. मुलीनं तिथंच मांडी ठोकली. "धिस इज माइन!" काकू मनापासून हसल्या. खाली हॉलमध्ये कोट ठेवायच्या कपाटात त्यांनी देवघर केलेलं. "हे मोडू नका हं. तुमचे देव मावतील यात."

मी काही बोलायच्या आत नवरा भाबडेपणानं म्हणाला, "मावतील ना काकू. आमची बुद्धाची मूर्ती आहे, नागपूरहून आणलेली. अगदी फिट बसेल."

"हो का? छान," काकू म्हणाल्या. मग चहात साखर किती, हे त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही, पण चेहऱ्यावर काही दिसेल तर शपथ! नुसतं चहा ढवळणं चाललेलं. हेच मेलं वाईट असतं. कुणी तोंडावर बोललं तर भांडता तरी येतं.

दोन दिवसांनी काकूंचा फोन आला आणि घराचा भाव वाढला. "काय करणार हो, सगळीकडेच वाढलेत." वाढले होते, खोटं कसं म्हणू? नवऱ्यानं तोही कबूल केला, पोटाला चिमटा काढून. मग पुन्हा फोन. मुलगा म्हणतोय, इतक्यात विकायचंच नाही.

"मार्केट आहे गं. केलं त्यांनी कॅन्सल, त्यात काय एवढं?"

"मार्केटला मूर्ती दिसते वाटतं?" मी म्हटलं.

शेवटी दूरच्या गावात लहानसं घर घेतलं. मुलीची शाळा बदलली.

दिवाळीत श्रूजबरीला नव्यानं आलेल्या एका मराठी जोडप्यानं पॉटलकला, म्हणजे आपापला पदार्थ घेऊन जेवायला, बोलावलं. गाडी त्या गल्लीत वळली तशी मुलगी ओरडली, "दॅट्स माय हाऊस!" घर तेच होतं. आत कपाटातल्या देवघरात समई लावलेली.

यजमानीण बिचारी साधी. माझ्या हातात करंजी देत म्हणाली, "काकू काय गोड आहेत हो! भाव एवढे चढलेत, पण आम्हाला उलट कमी करून दिलं. आपल्यातलेच म्हणाल्या."

शेजारी नवरा ताट घेऊन उभा होता. त्यानं ताट खाली ठेवलं आणि कोट शोधायला गेला.

इतके महिने मला वाटायचं, एकदा तरी माझं खरं ठरू दे. ठरलं, आणि त्याच्या पाठीकडे बघून मला रडू फुटलं. माझा संशय खोटा निघाला असता तर मी त्याची आनंदानं माफी मागितली असती.

गाडीत मागून मुलीनं विचारलं, "बाबा, व्हॉट्स आपल्यातले?"

त्यानं गाडी सुरू केली.

"आपल्यातले म्हणजे तू, मी आणि बाबा," मी म्हटलं. "सीटबेल्ट लाव."

"दॅट्स इट?" ती म्हणाली.