सुनंदाचा चोर पकडणारा प्रोग्राम

आमच्या भिंगारच्या कॉम्प्युटर क्लासमधलं जुनं कोणी भेटलं, की तब्येतीची चौकशी राहते बाजूला. "सुनंदा मॅडमचा तो प्रोग्राम आठवतो का?" इथूनच सुरुवात. मग एक किस्सा दुसऱ्याला ओढून आणतो, आणि ज्याला दहा मिनिटांत निघायचं असतं तोच दुसरा चहा मागवतो!

नव्वदचं दशक सरत आलं होतं. क्लासमध्ये सहा मशीन, सगळी केबलने एकमेकांना जोडलेली. शिकवायला आम्ही दोघं, मी आणि सुनंदा कांबळे. रविवारी दुपारी कॉलेजची पोरं त्याच मशीनवर बंदुकीचा गेम खेळायची. सहा जण एका भुलभुलैयात, दिसेल त्याला उडवायचं. वर्षअखेरच्या स्पर्धेत पहिला येईल त्याला पुढच्या कोर्सला फुकट प्रवेश. त्यामुळे खेळ नुसता गमतीचा राहिला नव्हता.

पहिली चोरी साधी होती, शेजाऱ्याच्या स्क्रीनवर डोकावायची. आम्ही मध्ये खोक्यांचे पुठ्ठे उभे केले. पुढच्या रविवारी एकाने स्टीलचा डबा उघडून झाकण पुठ्ठ्याबाहेर तिरकं टेकवून ठेवलं.

"मॅचमध्ये डबा कशाला रे?"

"भूक लागली सर."

झाकणात शेजारची अख्खी स्क्रीन दिसत होती. आणि डब्यात काहीच नव्हतं!

* * *

मग कोणीतरी गेमची फाईलच बदलली. भिंतीपलीकडचा माणूस त्याला आधीच दिसायचा, आणि तो कोपऱ्यावर आला रे आला की गोळी! आपण डोळ्यांनी किती जणांवर लक्ष ठेवणार? सुनंदा म्हणाली, "मशीनलाच शिकवू. समोरचा दिसल्यापासून गोळी सुटेपर्यंत किती वेळ गेला, त्यावरून ते ओळखेल." मशीन उदाहरणांवरून कसं शिकतं, यावरचं एक झेरॉक्स केलेलं प्रकरण तिच्याकडे होतं. तिने त्याची पानं सुटी होईपर्यंत वाचली.

पण उदाहरणं हवीत ना! एका रविवारी तिने जाहीर केलं, "आज चार नंबरच्या मशीनवर पाळीपाळीने सगळ्यांनी चीटिंग करायचं. अगदी प्रामाणिकपणे!"

पोरं लाजली. आमच्याकडे टायपिंग शिकणारे निवृत्त सुभेदार साळवे काका तर उठूनच उभे राहिले. "मॅडम, ऑर्डर असली तरी जमणार नाही!"

* * *

महिनाभर खपून प्रोग्राम तयार झाला. पहिल्याच दिवशी त्याने चोर पकडला. त्याला उठवून त्याच मशीनवर दुसऱ्याला बसवलं, तोही चोर. क्लासचे मालक म्हणाले, "सरका, मी बसतो." त्यांना बंदूक कुठल्या बटणाने चालते हेही माहीत नव्हतं. तेही चोर!

सुनंदाने कपाळाला हात लावला. चोरीची सगळी उदाहरणं चार नंबरवरची. मशीन माणूस ओळखायला शिकलंच नव्हतं. चार नंबरवर बसेल तो चोर, एवढंच शिकलं होतं!

"मोड आता सगळं," मालक म्हणाले.

"मोडते," सुनंदा म्हणाली, "आणि उद्यापासून परत करते." आणि केलं. या वेळी सहाही मशीनवरची उदाहरणं घेऊन.

* * *

नव्या प्रोग्रामने घोडेगावच्या विठ्ठलला पकडलं. अबोल पोरगा. त्याची फाईल तपासली तर जशीच्या तशी. तरी बाकीचे ओरडायला लागले, "हाकला त्याला!" विठ्ठलचा चेहरा उतरला. तो दप्तर उचलून दाराकडे निघालासुद्धा.

सुनंदा दारात आडवी उभी राहिली. "मशीनने संशय घ्यायचा. निकाल माणसाने द्यायचा. विठ्ठल, माझ्यासमोर खेळ."

तो खेळला. ती स्क्रीन सोडून त्याच्याकडे बघत राहिली. मग मेडिकलमधून कापूस आणला आणि त्याच्या कानात कोंबून त्याला परत खेळायला लावलं. त्याचा नेम तोच, पण गोळी सुटायला आता इतरांइतकाच वेळ! प्रोग्रामही गप्प.

"तू काय ऐकतोस रे?"

"ह्यांचे कीबोर्ड, मॅडम. कोपरा आला की बटनं जोरात वाजत्यात. तवाच कळतं, आला म्हनून." मग त्याने विचारलं, "कान मिटून खेळायचं व्हय?"

सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली ती सुनंदानेच.

* * *

आता वर्षअखेरची स्पर्धा. श्रीगोंद्याचा सागर पहिला आला. एस.टी.ने यायचा, एक रविवार चुकवायचा नाही. प्रोग्राम म्हणाला, सगळे स्वच्छ. टाळ्या झाल्या. सुनंदा एरवी भाषण करणारी नव्हे, पण त्या दिवशी बोलली. "वर्ष गेलं, पण आज प्रोग्राम पूर्ण झाला."

सागर बक्षीस घ्यायला आला आणि हात मागे घेऊन उभा राहिला.

"मॅडम, मी भिंती काढल्या हुत्या. फाईल बदलून."

सुनंदा पुढे आली.

"मग प्रोग्रामला कसं कळलं नाही?"

"मानूस दिसला, की मनात एक-दोन म्हनायचो. मंग गोळी."

सुनंदा म्हणाली, "प्रवेश मिळाला होता तुला. बक्षीस हातात होतं. मग सांगितलंस कशाला?"

सागरने मान खाली घातली.

"तुमी म्हनला, प्रोग्राम पूर्न झाला. म्हटलं, सांगावं... न्हाई झाला."