आत्याची इरकल

२१ जानेवारी १९९६. मिरजेच्या बाजारात साध्या सुती इरकलीला त्या दिवशी तीनशे पंच्याऐंशी रुपये पडत होते. पल्लवीला ते परवडण्यासारखे नव्हते. आमच्या घराची पुढची खोली भाड्याने घेऊन ती शिलाईकाम करी, आणि स्वतःचे कपडे मात्र अदलाबदलीने मिळवी.

माण तालुक्यातल्या मेंढपाळ घरात ती मुलगा म्हणून जन्मली. लहानपणापासून ती स्वतःला मुलगीच समजत आली. मिरजेला आली तेव्हा तिच्या पत्र्याच्या पेटीत नुसते पँट-शर्ट होते. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बयाबाई बोहारीण दारावर आली, तेव्हा पल्लवीने एक चांगला शर्ट पुढे केला आणि तिच्या गाठोड्यातली साडी मागितली.

"भांडं नगं?" बयाबाईने विचारले.

"भांडं नेसता येत न्हाई, मावशी."

बयाबाईला हा व्यवहार पटला. पुरुषाचा शर्ट जुन्या बाजारात लगेच खपतो.

पुढे रविवारी दुपारी पल्लवीच्या खोलीत तिच्यासारख्याच काहीजणी सांगलीहून, इस्लामपूरहून येऊ लागल्या. नियम एकच होता: एक कपडा आणायचा, एक न्यायचा. जे अंगाला बसत नसेल ते पल्लवी मशिनवर बसवून देई. माझी पत्नीही आपल्या जुन्या साड्या घेऊन तिथे जाऊन बसे. मी आपला पेपर वाचत बाहेर असे, पण हसण्याचा आवाज फाटकापर्यंत येई.

कृष्णातही रविवारी तिथे येणाऱ्यांतलाच. त्याला घरच्यांनी मुलगी म्हणून वाढवले होते. आता तो तंबोऱ्याच्या कारखान्यात भोपळे घासत होता आणि त्याला साड्या काढून टाकायच्या होत्या. त्याने आपल्या साड्या दिल्या आणि पल्लवीच्या पेटीतली शेवटची पँट घेतली. तो बुटका, ती उंच. पँट आखूड करायची तर शिंपी जादा कापड आत दुमडून ठेवतो. त्याला दाब म्हणतात. उद्या उसवून पँट पुन्हा लांब करता येते. पल्लवी गिऱ्हाइकाच्या कपड्यात दाब ठेवायला कधी विसरत नसे. त्या दिवशी तिने सरळ कात्री चालवली.

"दाब ठेव की गं," कृष्णात म्हणाला.

"कशाला? मी परत घालायची न्हाई, आन तू काय आता वाढायचा न्हाईस."

पुढच्याच महिन्यात तिचा धाकटा भाऊ सिद्धू आपल्या बायकोला, लंकाला, बाळंतपणात अडल्यामुळे मिरजेच्या दवाखान्यात घेऊन आला. मुलगी झाली. बायकांच्या वॉर्डात पुरुषाला थांबू देत नसत, म्हणून सोबतीला पल्लवी राहिली. डबा, औषध, लंगोट धुणे, सगळे तिनेच केले. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका तिला बाळाची आत्या म्हणू लागल्या.

लंकाला घरी नेताना सिद्धू आमच्या पायरीवर बसला आणि खाली बघत म्हणाला, "बारशाला ये. पर आईचा निरोप हाय, पँट-शर्टात ये. पाळण्यापाशी चुलतबहीण बसणार हाय."

आमच्याकडे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. सिद्धूला दुसरी बहीण नव्हती.

पल्लवी पँट मागायला कृष्णातकडे गेली. त्याने ती घालूनच दाखवली. "बघ. तुझ्या गुडघ्याखाली जरा येईल. शाळेत जायचं असलं तर ने."

मी माझी पँट देऊ केली. तिने ती कमरेला लावून पाहिली, घडी घातली आणि परत दिली. "काका, पँट बरी हाय. पर मी आता असल्या कपड्यात बाळाला घ्यायची न्हाई. हाकललं तर मागं फिरीन."

माझ्या पत्नीने कपाटातून हिरवी इरकल काढून तिच्या हातात दिली. बारशाला आम्ही दोघेही तिच्याबरोबर एस.टी.ने गेलो.

दारात बायकांची गर्दी होती. पल्लवी उंबऱ्याबाहेर थांबली. तिची आई तानुबाई पुढे आली.

"निरोप मिळाला न्हाई व्हय?"

"मिळाला."

"मग पँट कुठं हाय?"

"कापली, आई. दाब ठेवला न्हाई."

तानुबाईने जन्मभर घोंगड्यांच्या कडा शिवल्या होत्या. कापलेले पुन्हा वाढत नाही, हे तिला सांगावे लागले नाही. ती इरकलीच्या निऱ्यांकडे पाहत राहिली.

तेवढ्यात आतून लंका सासूला म्हणाली, "आत्याबाई, लंगोट धुताना हिला कुणी पँट घाल म्हणलं न्हाई. कष्ट हिचं आन मान दुसरीला, आसलं मला जमायचं न्हाई. माझी पोर मी दुसरीच्या हातात देणार न्हाई."

चुलतबहीण स्वतःहून पाळण्यापासून उठली. तानुबाईने तिच्यासाठी आणलेला खण पल्लवीच्या हातात ठेवला. "पदर नीट घे. मिरजेत कुणी शिकवलं न्हाई वाटतं. आन मोठ्यानं सांगू नगंस, कानात सांगायचं आस्तंय."

पल्लवीने बाळाच्या कानात नाव सांगितले. रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्यात जोराचा धपाटा तानुबाईचा होता, आणि तो एकच नव्हता. पल्लवी वाकून हसत होती, पण पाळण्याची दोरी तिने सोडली नाही. मुलीचे नाव दीपमाला ठेवले.

परतीच्या एस.टी.त ती माझ्या पत्नीला पुन्हा पुन्हा पाठ दाखवत होती. "काकू, बघा, वळ उठलेत का?"

उठले होते.

आता माझ्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले आहेत. दीपमाला शाळेत जाऊ लागली आहे, आणि तिचे झगे मिरजेहूनच शिवून जातात. त्यांत पल्लवी भरपूर दाब ठेवते.

इरकल तिच्याकडेच राहिली. नियमाप्रमाणे तिच्याकडून आमच्या घरी एक साडी अजून येणे आहे.