मेटॅडोरची लिंबू-मिरची

डिझेलचा वास आला की चामोर्शीची ती दुपार आठवते. माझ्या मेटॅडोरचं इंजिन नव्यानं बांधलं होतं. सेल्फ मारला की फिरायचं, पण चालू होईना. संध्याकाळच्या आत वडशाला नाटकाचे पडदे पोचले नसते, तर हंगामाचं काम हातचं गेलं असतं. मी मिस्त्री रशीदभाईंवर चारचौघांत ओरडलो, "इंजिन बांधलं का भंगार भरलं?"

त्यांनी नळी सैल करून पाहिली. "डिझेल येऊनच नाई राह्यलं," म्हणत ते केबिनमध्ये डोकावले. इंजिन बंद करायच्या नॉबला मी पूजेची लिंबू-मिरची बांधली होती आणि बांधताना तो ओढला जाऊन डिझेल अडलं होतं. त्यांनी तो आत ढकलला. इंजिन धडधडलं.

"शेठ, नजर इंजिनले नाई, तुमालेच लागली!"

सगळे हसले. आधी ओरडलो मीच, हे आता कळतं. तरी त्यांनी ते कानात सांगायला हवं होतं.