तेओफिलोच्या जिवाला हाक

वरच्या गावांना जाणाऱ्या बसगाड्या अँडीजच्या घाटात ज्या वळणावर दम खातात, तिथे इलारिया उकडलेले बटाटे आणि चीज विकते. त्या वळणाने आजवर कितीतरी गाड्या दरीत ओढल्या. रस्त्याकडेला मरियामातेची देवळी आहे. तिच्यापुढे मेणबत्ती लावल्याशिवाय इलारिया पातेल्यावरचं झाकण काढत नाही.

खालच्या शहरातल्या डॉक्टर रेनाता गेल्या वर्षी रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर तिथल्या ओसरीत शिकवायला यायच्या. अँब्युलन्स घाट चढून येईपर्यंत रस्त्यावरच्या माणसांनी काय केलं तर जखमी तरतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. वाहतं रक्त दाबून धरायला सगळे पटकन शिकले. पण पडलेल्याला हलवू नका, मान स्थिर धरा, या धड्याला सगळे माना डोलवत, आणि पुढचा जखमी पुन्हा ट्रकमध्ये बसवूनच दवाखान्यात पोचे. रेनाताबाईंना कारण उमगेना. पडलेल्याचा भ्यालेला जीव माती धरून ठेवते, म्हणून त्याला आधी उभं करायचं असतं. पण हे शिकलेल्या बाईला सांगून हसं कोण करून घेणार?

मग बटाट्याच्या काढणीत तिचाच मुलगा तेओफिलो ट्रकवर पोती बांधताना दोर तुटून खाली कोसळला. "आई, मान," एवढंच बोलला. माणसं धावली. इलारियाचे हातही उचलायला त्याच्या काखेत गेले. ओसरीत याच हातांनी तिने शेजारणीचं डोकं धरून सराव केला होता. ती गुडघ्यांवर बसली आणि लेकाचं डोकं तिने दोन्ही तळव्यांत घट्ट धरलं.

"कुणी उचलू नका."

शेजारचा म्हातारा दोरोतेओ चिडला. "डॉक्टरीण झालीस काय गं? पोराचा जीव मातीत राहील."

धास्ती तिलाही तीच होती. जिवाला हाक मारायची ती एरवी माणूस घरी नेल्यावर, सांजेला त्या जागी परत येऊन, त्याचा एखादा कपडा मातीवर हलवत. पण तोवर थांबायचं कशाला?

"मग इथंच हाक मारू या. माझे हात अडकलेत, दादा. त्याची टोपी घ्या, तुम्ही बोलवा."

दोरोतेओ क्षणभर घुटमळला. मग धुळीतली टोपी उचलून तो मातीवर हलवू लागला. "ये रे तेओफिलो, इथं राहू नको, चल." उचलायला सरसावलेले लोक आपापल्या टोप्या काढून हाक मारू लागले. इलारिया ओठांतल्या ओठांत मरियामातेला आळवत होती. तळवे मात्र तिने हलू दिले नाहीत. अँब्युलन्सवाल्यांनी त्याला अलगद फळीवर घेतलं, तेव्हा त्याच्या पायाची बोटं हलताना तिने पाहिली.

मानेचा मणका मोडला होता, पण आतली नस शाबूत होती. दवाखान्यात इलारियाने रेनाताबाईंना मातीचं सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत. हाक कशी मारतात, तेवढं त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

आता रविवारच्या सरावात एकजण डोकं धरतो आणि बाकीचे हाक मारतात. हाका शिकवतो दोरोतेओ. त्याचा आवाज चढला, की मानेला पट्टा लावून बाकावर बसलेला तेओफिलो म्हणतो, "काका, जरा हळू. मी इथंच आहे."